भावाच्या नावाचं कडवं

टिनो माझ्या मावशीची मुलगी. पूर्ण नाव फुआतिनो, पण त्या नावाने तिला फक्त आमच्या चर्चचे पाद्री हाक मारायचे. सिडनीजवळच्या माउंट ड्रुइटमध्ये आमची दोन्ही घरं एकाच रस्त्यावर होती, मधे एक रिकामा प्लॉट आणि त्यात कुणीतरी सोडून दिलेली चाकं नसलेली गाडी. मी कपडे शिवते. लग्नाचे, चर्चचे आणि मयताचे. सामोआ बेटांवरून आलेल्या आम्हा सामोअन लोकांत या तिन्हींना तोटा नाही, त्यामुळे माझं बरं चालतं. टिनो शाळेत असल्यापासून माझ्या मशीनशेजारी जमिनीवर बसून असायची आणि मशीनच्या ठेक्यावर शब्द जुळवायची. मी पाय थांबवला की ओरडायची, "ताई, थांबू नकोस ना, ओळ अर्धी राहिली."

तिचा आवाज जाड, घोगरा, पोटातून येणारा. मालिया मावशी, म्हणजे तिची आई, चर्चमधली गाणी बसवायची. तिने लेकीला लहानपणीच सांगून टाकलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते टिनोला फार लागलं. पण रडणारी पोर नव्हती ती. मला म्हणाली, "सूर नाही तर नाही. बोलता तर येतं." आणि बोलण्यात तिला आमच्या अख्ख्या रस्त्यावर कुणी हरवलं नसतं.

शाळा संपल्यावर ती इस्पितळाच्या लाँड्रीत लागली. दिवसभर चादरी, त्यावरचे डाग, गरम वाफ. संध्याकाळी यायची, बूट काढायची आणि फोनवर ठेका लावून सुरू. शनिवारी युवक केंद्राच्या हॉलमध्ये पोरं रॅप करायला जमायची, तिथे ती एकटी मुलगी. बाकीचे सगळे काळ्या टोप्या, काळे रुमाल तोंडाला बांधून. एकमेकांच्या वस्त्यांना शिव्या, कुणी कुणाला कुठे मारलं त्याच्या गप्पा. त्यातल्या निम्म्यांना त्यांच्या आया गाडीतून सोडायला यायच्या.

"तू पण तसंच म्हणणार का?" मी तिला विचारलं होतं.

"शब्द तेच असतील. कपडे नाही." तिने माझ्याकडच्या ठाणातून पांढरं कापड ओढलं. "ताई, मुलींना दोनच गोष्टी सांगतात. एक तर अंगावरचं काढ, नाही तर पोरासारखी झाक. मला दोन्ही नको. मला असा झगा शिवून दे की मी आत आले की लोकांना वाटलं पाहिजे, आता इथे कुणाचं तरी लग्न आहे नाही तर मयत."

मी शिवला. आमच्या बायका रविवारी घालतात तसा दोन तुकड्यांचा, पण खांदे रुंद, बाह्या मनगटापर्यंत घट्ट, आणि मागे जमिनीवर घसटत जाणारा घेर. केसांचा वर घट्ट अंबाडा आणि कानामागे लाल फूल. त्या काळ्या टोप्यांच्या घोळक्यात ती उभी राहिली की नजर दुसरीकडे जायचीच नाही. पाद्रींनी मावशीला बोलावून सांगितलं की देवाच्या घरचे कपडे रस्त्यावर मिरवणं शोभत नाही. मावशी घरी येऊन टिनोला म्हणाली, "माझी मान खाली घातलीस." टिनो म्हणाली, "आई, तूच म्हणालीस ओठ हलव. हलवतेय." त्यानंतर दोघी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

एतुआती तिचा मोठा भाऊ. आम्ही सगळे एतू म्हणायचो, टिनो एत्या. अंगाने दरवाजाएवढा आणि मनाने भित्रा. रक्त काढायची सुई बघून इस्पितळाच्या फरशीवर आडवा झाला होता तो. टायरच्या गोदामात कामाला होता, आणि घरी आला की मावशीचे पाय चेपायचा, कारण ती कोंबडीच्या कारखान्यात दिवसभर उभी असायची. एतूचा जन्म ऑकलंडचा, टिनोचा इथला. मावशी त्याला काखेत घेऊन सिडनीला आली तेव्हा त्याला चालताही येत नव्हतं. त्याच्याकडे न्यूझीलंडचा पासपोर्ट होता आणि बहिणीकडे ऑस्ट्रेलियाचा. घरात कुणी त्याचा कधी विचारही केला नव्हता. दोन्ही पासपोर्ट एकाच डब्यात पडून असायचे.

ते कडवं जन्माला आलं तेव्हा मी तिथेच होते. माझ्याच खोलीत. टिनो भिंतीला टेकून बसलेली, एतू दारात उभा राहून तळलेला बटाटा खात होता.

"माझ्यावर लिही ना काहीतरी," तो म्हणाला.

"तुझ्यावर काय लिहू? भाऊ माझा टायर मोजतो, आईचे पाय चेपतो?"

"तसं नको. मला जरा वाईट कर. तुझ्या गाण्यात मी वाईट असलो की स्टेशनवरची पोरं मला त्रास देणार नाहीत."

टिनो हसली, पण डोळे मिटून तिने ठेका धरला होता. थोड्या वेळाने म्हणून दाखवलं. आमच्या बोलीत आणि इंग्रजीत मिसळून होतं ते, पण अर्थ असा:

माझ्या भावाच्या बाहीत निजतं लोखंड,
हळू बोला, उठवू नका त्याला,
उठलं की तुमच्या गल्लीची बोटं मोजतं,
मोजताना एक-दोन कमी भरतात.

एतूने बटाटा खाली ठेवला. "परत म्हण," म्हणाला. तिने परत म्हटलं. दरवाजाएवढा तो माणूस लाजून लाल झाला होता.

मी तिला म्हटलं, "अगं, हे धादांत खोटं आहे."

"ताई, खरं कोण ऐकतं? खरं म्हणजे आईच्या केसांना येणारा कोंबडीचा वास. खरं म्हणजे चादरीवरचं रक्त. ते मी रोज धुते. गाण्यात माणूस मोठा झाला पाहिजे. आपण खऱ्यात कधी मोठे होणार आहोत?" मग तिने जे सांगितलं ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं. "मला मोठं व्हायचंय म्हणजे गाडी, बंगला नाही गं. मला असं व्हायचंय की मी एका खोलीत शिरले की आधीपासून बोलणाऱ्याने थांबलं पाहिजे."

क्रेग नावाचा एक गोरा तेव्हा पॅरामॅटाला एका गॅरेजात छोटी कंपनी चालवायचा. आमच्याकडच्या पोरांची गाणी ध्वनिमुद्रित करायचा, व्हिडिओ बनवायचा. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्याने टिनोला हॉलमध्ये ऐकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन आला. रिकाम्या प्लॉटमधल्या त्या मोडक्या गाडीच्या टपावर टिनो पांढऱ्या झग्यात उभी, घेर काचेवरून खाली सोडलेला, आणि भोवती तोंडं बांधलेली पोरं. एतूचं तोंड मात्र तिने बांधू दिलं नाही. "माझा भाऊ दिसला पाहिजे," म्हणाली. क्रेगने कुठूनतरी रबरी कोयता आणला होता. तो कडवं येताच एतू बाहीतून काढून दाखवायचा. रबर इतकं मऊ होतं की पहिल्या वेळी पातं वाकून खाली लोंबलं आणि सगळे पोट धरून हसले. ते हसणं व्हिडिओत ठेवलं नव्हतं.

गाणं वणव्यासारखं पसरलं. आमच्या बाजूच्या प्रत्येक गाडीतून तिचा आवाज. लाँड्रीतल्या बायका तिला बघून ठेका धरायच्या. मेलबर्नहून, ब्रिस्बेनहून बोलावणी आली. कपड्यांसाठी मुली माझ्याकडे यायला लागल्या: "टिनोसारखा घेर." आणि एतूला स्टेशनवर पोरं सलाम करायला लागली. तो घरी येऊन सांगायचा, "टिनो, आज एकाने मला वाट दिली." लहान पोरासारखा खूश होता तो.

पावसाळी थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. स्टेशनमागच्या गाड्या लावायच्या जागेत दोन वस्त्यांच्या पोरांची मारामारी झाली. एतू कामावरून परतत होता. ओळखीची पोरं दिसली म्हणून थांबला. पळापळ झाली तसा तोही पळाला. मागे एक सतरा वर्षांचा मुलगा जमिनीवर बसून होता आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.

कोयता सापडला नाही. कॅमेऱ्यात दूरवरून काळ्या टोप्यांची गर्दी आणि त्यात एक दरवाजाएवढा माणूस, एवढंच. बोटं गेलेल्या मुलाने सांगितलं, मारणाऱ्याचं तोंड बांधलेलं होतं, पण दांडगा होता. मग पोलिसांनी फोनवर गाणं लावून बघितलं.

एतूला पहाटे नेलं. मावशी कारखान्याच्या कपड्यांतच दारात उभी होती. तिने पोलिसांना विचारलं, "त्याने जेवण केलं नाही, डबा देऊ का?" त्यांनी घेतला नाही.

सरकारने दिलेला वकील म्हणजे एक दमलेली, सरळ बाई होती. तिने मावशीच्या स्वयंपाकघरात बसून सगळं समजावलं. गाणं मारामारीच्या आधीचं आहे हे खरं, पण सरकारी वकील म्हणणार की हा आधीपासूनच बोटं तोडण्याच्या गोष्टी करत होता, बघा. "ज्युरीत बसणारी माणसं हे संगीत ऐकत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना ही कबुली वाटेल. टिनो, तुला साक्षीला उभं राहून सांगावं लागेल की हे तू मनाने रचलं. शब्द न् शब्द."

"सांगेन," टिनो म्हणाली.

"आणखी एक. बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर त्याचा व्हिसा रद्द होतो. शिक्षा संपली की त्याला न्यूझीलंडला पाठवतील."

मावशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तिकडे आमचं कोण आहे? एक बहीण होती माझी तिकडे, ती मेली. तो इथे वाढलाय. कुणाकडे जाणार तो?"

वकीलबाईंनी कागद गोळा केले.

क्रेगला कळलं तसा तो माझ्या खोलीत येऊन बसला. टिनोला म्हणाला, "तू कोर्टात उभी राहून सगळं खोटं होतं म्हणालीस तर संपलीस. लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात म्हणून ऐकतात. दुसरा काहीतरी मार्ग काढू. ते सगळं वकिलाला म्हणू दे."

"माझा भाऊ आत आहे, क्रेग."

"मला माहितीये. मी फक्त काय होईल ते सांगतोय."

"मलाही माहितीये काय होईल." तिने त्याला चहा दिला आणि जायला सांगितलं.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. तोवर एतू कोठडीतच. साक्षीच्या दिवशी वकीलबाईंनी सांगितलं होतं, साधे कपडे, नखं कापलेली, फूल नको. मी तिला करडा शर्ट आणि काळी पँट शिवून दिली. त्या कपड्यांत ती मला पहिल्यांदा लहान दिसली. लाँड्रीतली पोरगी.

आमच्या वकीलबाईंचे प्रश्न सोपे होते. मग सरकारी वकील उठला. तरुण होता, आवाज मवाळ. त्याने तिला कागद दिला. "हे तुमचे शब्द आहेत ना? वाचून दाखवा."

"यावर ठेका असतो," टिनो म्हणाली.

"नुसते वाचा."

तिने वाचले. ठेका नाही, झगा नाही, गर्दी नाही. त्या खोलीत ते शब्द इतके नागडे वाटले की मी खाली बघितलं. बोटं मोजतं, मोजताना एक-दोन कमी भरतात. बोटं गेलेला मुलगा पुढच्या रांगेत आईशेजारी बसला होता. उजवा हात खिशात होता त्याचा.

"बाहीत लोखंड म्हणजे काय?"

"काही नाही. माझ्या भावाने टायरशिवाय काही उचललेलं नाही. हे मी रचलं. त्याने मागितलं म्हणून."

"म्हणजे तुमच्या भावाची इच्छा होती की लोकांनी त्याला असा माणूस समजावं?"

"त्याला त्रास नको होता म्हणून. स्टेशनवर पोरं त्याला..."

"होय की नाही?"

"होय."

"तुम्ही मुलाखतींत म्हणालात, 'मी जगते तेच लिहिते.' तेही खोटं?"

"तेही खोटं."

"मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून मानायचं?"

आमच्या वकीलबाई उठून काहीतरी म्हणाल्या, न्यायाधीशांनी ते मान्य केलं, प्रश्न मागे घेतला गेला. पण ज्युरीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मान डोलावली होती. मी ते बघितलं.

नंतर सगळ्यांच्या समोर पडद्यावर व्हिडिओ लावला. गाडीच्या टपावर पांढऱ्या झग्यात टिनो, आणि खाली तोंड न बांधलेला, बाहीतून कोयता काढणारा एतू. रबर आहे हे पडद्यावर कुणाला दिसतं? पिंजऱ्यात एतू मान खाली घालून बसला होता. फक्त कडवं आलं तेव्हा त्याने एकदा वर बघितलं आणि मला शपथेवर सांगायला सांगाल तर सांगेन, त्याच्या ओठांनी शब्द म्हटले. ते माझ्याशिवायही कुणीतरी बघितलं असणार.

ज्युरीने दोषी ठरवलं, साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातली दोन वर्षं आत, मग सुटका.

टिनोने गाणं सगळीकडून काढून टाकायला लावलं. क्रेगने काढलंही. पण लोकांनी उतरवून ठेवलेलं होतं, ते पुन्हा पुन्हा वर यायचं, खटल्यामुळे आणखी जास्त. आणि त्याखाली लोक लिहायचे, ही ती खोटारडी. कुणीतरी तिच्या साक्षीतली वाक्यं घेऊन, आवाज बदलून, त्यावर ठेका चढवला: 'तेही खोटं, तेही खोटं.' शाळेतली पोरं बसमध्ये म्हणायची. मेलबर्नवाल्यांनी कार्यक्रम रद्द केला. हॉलमध्ये ती गेली तर पोरांनी पाठ फिरवली. त्यांच्या मते तिने कोर्टात तोंड उघडलं हेच पाप. ती परत पूर्णवेळ लाँड्रीत गेली.

मावशीने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचंच टिनोला जास्त लागलं. एकदा मला म्हणाली, "ताई, तिने मला एकदा मारावं. लहानपणी मारायची ना, चपलेने. तसं."

पण लिहिणं तिने सोडलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. लोकांना वाटलं सोडलं. ती माझ्या मशीनशेजारी बसायची, पण आता मशीन थांबलं तरी बोलायची नाही. एकदा तिने लाँड्रीवरचं म्हणून दाखवलं. चादर उलगडली की आत काय काय सापडतं त्याचं. दात, अंगठी, बाळाचा मोजा. मी म्हटलं, "हे बाहेर काढ." ती म्हणाली, "हे खरं आहे म्हणून नाही काढत. कुणाचा तरी दात आहे तो."

एतूची दोन वर्षं संपली त्या सकाळी मावशी त्याच्यासाठी नारळाच्या दुधातली अळूची पानं शिजवून तुरुंगाच्या दाराशी गेली. तो आला नाही. त्याला आतूनच व्हिसा खात्याच्या गाडीने नेलं होतं, आणि काही आठवड्यांनी विमानात बसवलं. त्याचा पहिला फोन ऑकलंडच्या एका मोटेलातून आला. तिथे सगळे असेच, इकडून परत पाठवलेले.

"थंडी आहे," तो म्हणाला. "लोक माझ्या बोलण्यावर हसतात. म्हणतात तू ऑस्ट्रेलियावाला."

"जेवतोस का?" मावशीने विचारलं.

"जेवतो. आई, टिनोला सांग, इथे सगळ्यांना गाणं माहितीये."

तो पुढचे फोन टिनोला करायला लागला. मी ऐकायचे, कारण ती फोन मशीनवर ठेवून बोलायची. मोटेलातल्या पोरांनी त्याला ओळखलं होतं. बोटं मोजणारा तोच हा. त्यांनी त्याला जागा दिली, जॅकेट दिलं, कामाला लावलं. कसलं काम ते तो सांगत नसे.

"एत्या, त्यांना सांग ना खरं काय ते."

"काय सांगू? तू सांगितलंस ना कोर्टात, कुणी मानलं?"

"मग फोन त्यांच्याकडे दे, मी सांगते त्यांना."

"वेडी आहेस का? इथे मी एकटा आहे, टिनो. हे नसतं तर मी बसस्टॉपवर झोपलो असतो. मला मारलं असतं कुणीतरी." आणि वर म्हणाला, "तुझ्यामुळेच जगतोय म्हण ना."

पुढच्या हिवाळ्यात टिनोला ऑकलंडचं बोलावणं आलं. तिकडे तिच्या खोटारडेपणाची गोष्ट पोचली होती की नाही कोण जाणे, पण आमच्या लोकांची तिकडे मोठी वस्ती आहे आणि तिचा आवाज त्यांना हवा होता. ती गेली ती भावाला भेटायला. मला बरोबर नेलं. पांढरा झगा तिने पेटीत ठेवू दिला नाही. मी काळा शिवला, साधा, घेर नसलेला.

हॉल भरलेला होता. दुपारचा कार्यक्रम, लहान पोरं बापाच्या खांद्यावर, बाहेर मांस भाजल्याचा धूर. तिने नवीन गाणी म्हटली. लाँड्रीचं पहिल्यांदा म्हटलं, आणि बोलणारे थांबले. खरंच थांबले. मी कडेला उभी होते, मला तिचा चेहरा दिसत होता. तिला हवं होतं ते तिला त्या वेळी मिळालं होतं, एवढं मी सांगते.

मग एतू आत आला. मी आधी ओळखलं नाही. बारीक झाला होता, गालाखाली गोंदलेलं होतं, आणि मागे सहा-सात जण एकसारख्या जॅकेटमध्ये. ते सरळ पुढे येऊन उभे राहिले. त्यांच्यातला एक वयस्कर, टकलू माणूस होता, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून हसायचे.

"भावाचं म्हण," टकलू ओरडला. "आम्ही ते ऐकायला आलोय."

टिनो म्हणाली, "ते मी म्हणत नाही आता."

"का? खोटं आहे म्हणून? आम्ही ऐकलंय तसं." तो एतूकडे वळला. हसत होता, पण त्याने एतूच्या मानेवर हात ठेवला होता. "काय रे, खोटं आहे का?"

एतूने बहिणीकडे बघितलं. सुई बघितल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

टिनोने माइक तोंडाजवळ नेला. ठेका लावणाऱ्या मुलाला खूण केली नाही. ठेक्याशिवायच म्हटलं, कोर्टात वाचलं होतं तसं नाही, पूर्ण जोरात, एकेक शब्द फेकत. माझ्या भावाच्या बाहीत निजतं लोखंड. आणि शेवटी तिने कधी न म्हटलेली एक ओळ जोडली: कोर्टात मी खोटं बोलले, आता खरं ऐका.

हॉल उसळला. टकलूने एतूची मान सोडून त्याला मिठी मारली.

बाहेर गाड्यांजवळ एतू तिच्यापाशी आला. दोघं बराच वेळ एकमेकांना धरून उभी होती. "तू वाचवलंस," तो म्हणाला. टिनो म्हणाली, "चल माझ्याबरोबर. आजच." "कुठे?" त्याने विचारलं. सिडनीच्या विमानतळावर तर त्याला उतरूच देणार नव्हते. गाडीतून कुणीतरी हॉर्न दिला आणि तो गेला.

वर्ष पूर्ण व्हायच्या आत त्याला तिकडच्या पोलिसांनी पकडलं. एका दुकानदाराच्या हातावर वार केला होता, टकलूने सांगितलं म्हणून. या वेळी कोयता त्याच्याच हातात सापडला, आणि तो रबरी नव्हता. त्याने गुन्हा कबूल केला. टिनोला साक्षीला कुणी बोलावलं नाही.

मावशी आता वर्षातून एकदा विमानाने जाते, काचेपलीकडून त्याला बघून येते. टिनो लाँड्रीत मुकादम झालीय. महिन्यातून एखादा कार्यक्रम करते, छोट्या जागी, आणि कुणाचंही नाव घेत नाही. ऐकायला येतात ती माणसं शांतपणे ऐकतात. क्रेगने मध्ये विचारलं होतं, मोठं काहीतरी करू या का. तिने विचार करते म्हणून सांगितलं. अजून करतेय.

गेल्या रविवारी जेवणं चालली असताना एतूचा फोन आला. टिनोने तो ताटाशेजारी ठेवला.

"इथले सगळे विचारतात," तो म्हणाला, "तुझी बहीण नवीन कडवं कधी लिहिणार तुझ्यावर. लिही ना. आता तर तुला रचावंही लागणार नाही."

मावशीने हातातला घास खाली ठेवला. टिनोने विचारलं, "आज काय दिलं जेवायला?"

"मटण. आणि वाटाणे."

"खाल्लेस?"

"वाटाणे नाही खाल्ले."

"खात जा," ती म्हणाली. मग तिकडचा वेळ संपला आणि फोन आपोआप बंद झाला.